आमाले हशलं, तेच लिहा

सायबानं नाकाले रुमाल लावला अन् माह्याकडं पाहून म्हनलं, "पूह."

बस, येवढंच. मी कापसाच्या जिनिंगच्या हापिसापुढं उभी होती. पायरीखाली. महारपुऱ्यातल्या बाईनं पायरीवर पाय ठेवाचा नाई, हे तिथं कोनाले सांगा लागत नोतं. कापसातून सरकी काढनारे रेचे असतेत, त्याच्या रुळावर लोखंडी जाळी असते. ती काढून ठेवलती. जाळी नसली की कापूस भराभर खाली जाते. "सायेब, जाळी बसवा, कोनाचा तरी हात जाईन," येवढं सांगाले मी गेलती. माहं अर्धं बोलनंही झालं नाई. त्यानं पूह केलं, बोटं झटकली, अन् जमादारानं मले हाकललं.

हे हिंगणघाटचं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्सं झालती.

त्या सायबाले आमच्यासंगं बोलाची लाज वाटे. शिवीही देत नोता. देली असती तं मी उलटून देली असती, माहं तोंड काही कमी नोतं. पन त्याचे ते इंग्रजी आवाज. वास आला की पूह. काम चुकलं की जिभेनं टट्-टट्. बाया बोलल्या की ओठावर बोट अन् हश. ढोराले हाकलाले आवाज काढतेत, तसं.

माह्या शेजारच्या रेच्यावर सखू होती. भाकर खाताना ती इचारे, "आज कोनाले पूहलं वं?"

"मले नाई बाई. मले हशलं."

सखू रुमाल धरून अशी नक्कल करे की हसून हसून ठसका लागे. मले वाटे, हसलो म्हंजे जिरवली त्याची. आता त्या हसन्याचाच राग येते. त्याच्या थुंकीचा आमी आमचा शब्द केला, घरचा करून घेतला, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पूहून घ्याले कामावर गेलो.

आठ दिवसांत सखूचा हात गेला. उजव्या हाताची चार बोटं. रुई लाल झाली. जमादारानं ती लाल रुई आधी उचलली, सखूले मंग.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रेच्यांवर जाळ्या बसल्या. तिसऱ्या दिवशी वर्ध्याहून सरकारी तपासनीस आला. सखू दवाखान्यात होती. सायब त्याले सांगून राह्यला होता, बाईनं सोताच जाळी काढली, चूक बाईची. तसं लिहून गेलं असतं तं सखूचा हात गेला तो गेलाच, वरून गुन्हेगारही तीच.

रेचे बंद केले. आमाले रांगेत उभं केलं. तपासनिसानं इचारलं, "जाळी कोणी काढली?"

सायब त्याच्या पाठीमागं होता. त्यानं आमच्याकडं पाह्यलं, ओठावर बोट ठेवलं. हळूच म्हनलं, "हश."

बायांच्या माना खाली गेल्या. माहीही गेली. खोटं काऊन सांगू? घरी दोन लेकरं, नवरा खाटेवर. खाली पाह्यलं तं पायापाशी सरकी पडली होती, सखूच्या रक्तानं काळी झालेली. तीन दिवसांत कोनी ती झाडलीही नोती.

मी मान वर केली.

"जाळी जमादारानं काढली, सायबाच्या हुकमानं. मी सांगाले गेलती तं यानं मले पूहलं. अन् आता तुमच्या पाठीमागून आमाले हशून राह्यला."

तपासनीस वळला. सायबाचं बोट ओठावरच होतं.

"हशून म्हणजे?"

मी ओठावर बोट ठेवून दाखवलं. तपासनिसाले हसू आलं. "इंग्रजीतही असंच होतं, बाई. हश, पूह हे नुसते उद्गार. वापरून वापरून त्यांची क्रियापदं होतात."

सखूची बोटं गेली अन् याले गंमत वाटून राह्यली होती. माह्या अंगाची आग झाली. म्हनलं, "लिहा तं मंग."

"गप्प राहण्याचा इशारा केला, असं लिहितो."

"नाई. इशारा बरोबरीच्याले करतेत. आमाले हशलं. तेच लिहा."

त्यानं लिहिलं. दोनदा वाचून दाखवाले लावलं, मंग आंगठा देला. माह्यामागून दोघी जनी आंगठा द्याले आल्या. बाकीच्या नाई आल्या.

संध्याकाळी मले कामावरून काढलं. चौकशीचं पुढं काय झालं, आमाले कोनी सांगितलं नाई. सखू डाव्या हातानं भाकर थापाले शिकली. ती सायबाची नक्कल तिनं पुन्हा कधी केली नाई, अन् मीही करू देली नसती.

आता माह्यावर कोनी नुसता आवाज काढला, मंग तो कोनीही असो, मी जागची हालत नाई. त्याच्या समोर जाते. म्हनते, मानसाशी बोलतेत तसं बोल.

पायरी चढून म्हनते.