पालथा मोबाइल

बाळकुम गावातल्या टपरीवर सकाळी आम्ही चार-पाच जण चहा घेत शेअरच्या गप्पा मारतो. सगळ्यांनी एकाच कंपनीचे शेअर घेतलेत. ती माणसाच्या मेंदूसारखी चालणारी चिप बनवते म्हणे. आमच्यातल्या कुणी ती पाहिलेली नाही.

तिथे एक काका येतात. गळ्यात जाड सोन्याची चेन, पायात झिजलेली स्लिपर. नाव मी कधी विचारलं नाही. शेअर त्यांनीही घेतलाय, पण मोबाइल बाकावर पालथा ठेवून वर तळहात दाबून बसतात. भाव बघायची हिंमत नाही, म्हणून आमची तोंडं बघतात.

परवा शेअर धाडकन पडलेला.

"काका, कंपनीला ऑर्डरच मिळत नाहीये. विका आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या फ्लॅटच्या टॉवरकडे बोट केलं. "माजे बापानं शेत इकला, त्याचेवर ह्यो उभा रायला. बाप मरेपर्यंत हितं बसून त्याचेकडं बगायचा. मी नाय इकनार." उरलेला चहा एका घोटात संपवून ते उठले.

ते गेल्यावर मी घाईघाईने माझा मोबाइल काढला. विकायच्या बटणावर अंगठा नेला, तेवढ्यात समोर टॉवर दिसला.

मी मोबाइल बाकावर पालथा ठेवला आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघत बसलो.