काडीमोड आणि अदालत

आमच्यात नवरा-बायकोचं तुटायला कागद लागत नसे. पंचांसमोर नवऱ्यानं कडब्याची काडी मोडायची, झालं. माझ्या नवऱ्यानं ती गावच्या बाभळीखाली पाच पंचांदेखत मोडली आणि मी वाटूरजवळच्या माहेरी आले. मार खाऊन खाऊन विटले होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दोन वर्षांनी एका बिजवरानं मला पाटासाठी, म्हणजे पुन्हा लग्नासाठी, मागणी घातली. शांत माणूस होता, मला आवडला होता. ते कळताच नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं जालन्याच्या अदालतीत अर्जी ठोकली: बायको माझी आहे, परत द्या.

आमचा वकील म्हणाला, "काडी मोडली याला पुरावा काय? पंचांना साक्षीला आणा." काडीचे दोन तुकडे मी जपून ठेवले होते, ते पदरात बांधून नेले. कारकून पाहून हसला.

चार पंच आलेच नाहीत. जातीचं भांडण सरकारदारी गेलं म्हणून रुसले. नेलं त्यानं, आणि रुसले माझ्यावर! थोरला पंच तेवढा आला, पण नवरा त्याच्या भावकीतला. निजामाचं राज्य, सगळं कामकाज उर्दूत. वकिलानं मराठीत विचारलं तेव्हा पंच मान खाली घालून म्हणाला, "बिलकुल ध्यानात न्हाई." नवरा म्हणे, "दात कोराया मोडली आसंल."

निकाल त्याच्या बाजूनं लागला. मी नांदायला गेले नाही, आणि त्यालाही मी नकोच होते. महिन्याभरात त्यानं दुसरी आणली. त्याला ना काडी लागली ना साक्ष. मी मात्र सरकारदरबारी त्याचीच बायको, त्यामुळे माझा पाट लागेना. बिजवरानं वाट पाहिली आणि दुसरीकडे सोयरीक केली. त्या पंचाला मी रोज मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सहा-सात वर्षांनी नवरा पटकीनं गेला. तोच पंच दोन बाया घेऊन दारात आला.

"बांगड्या फोडाव्या लागतेत बाई. अदालतीनं तुला त्याचीच ठरवलीया."

"काडी मोडली व्हती का न्हाई, ते बोला आधी."

तो म्हणाला, "मोडली व्हती."

ऐकायला अदालतीतला मुन्सिफ नव्हता. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पाणीसुद्धा न विचारता दार लावलं.