बाबांनी निवडलेले छर्रे

मोठ्या रायफलीचे काही नेमबाज काडतूस स्वतः भरतात. दारू तोलायची, गोळी नीट बसवायची, एक काडतूस दुसऱ्यासारखंच झालं पाहिजे. मग नेमही एकसारखा लागतो आणि रायफल ऐन वेळी अडकत नाही. त्याला परवाने लागतात, जागा लागते, आणि आमच्या मुलुंडच्या घरात आईने असलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. माझी एअर रायफल, हवेच्या दाबावर चालणारी. आम्हा हवेवाल्यांच्या हातात एवढंच उरतं की कारखान्यातून आलेले शिशाचे छर्रे निवडून घ्यायचे. आमच्या घरी हे काम बाबांचं होतं.

बाबा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात तयार पार्ट तपासायला होते. कारखाना गेला, तिथे टॉवर आले आणि बाबांपुढे तपासायला काही उरलं नाही. मग ते आईचे निवडलेले तांदूळ तपासायला लागले, दुधाच्या पिशव्या, जिन्याचा रंग, माझ्या पोळ्यांचे काठ. आई वैतागली. तिनेच एक दिवस माझी छर्र्यांची डबी त्यांच्यापुढे आपटली आणि म्हणाली, "घ्या, काय रिजेक्ट करायचंय ते यातलं करा."

ते त्या कामात जे रमले ते रमलेच. छर्रा म्हणजे चपटं डोकं, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. घेराची कड जराशी चेपली तरी छर्रा भलतीकडे जातो, जास्त चेपली तर नळीच्या तोंडाशी आडवा होऊन बसतो. बाबा एकेक छर्रा सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर तोलायचे आणि तिरप्या काचेवरून घरंगळत सोडायचे. एकसारखं वळण घेत आला तर पास, अडखळला तर रिजेक्ट. पास झालेला चिमट्याने उचलून स्पंजच्या ट्रेमधल्या भोकात ठेवायचे. मी बँकेतून घरी येईपर्यंत ट्रे भरलेला असायचा. आमचे कोच म्हणायचे, एवढ्याने काही फरक पडत नाही, सगळे मनाचे खेळ आहेत. असतील. पण हा छर्रा बाबांनी पाहिलाय म्हटलं की माझं बोट ट्रिगरवर निवांत असायचं.

मागच्या वर्षी घाटकोपरच्या रेंजवर सराव करताना एक छर्रा आत जाईना. दाताच्या काडीने तो बाहेर काढला, तर पुढचाही तसाच. शेजारच्या लेनमधल्या मुलीकडून भिंग मागून घेतलं आणि सगळा ट्रे बघितला. निम्म्याहून जास्त छर्रे चेपलेले होते, आणि बऱ्याचशांवर चिमट्याची खूण अगदी स्पष्ट होती. चांगल्या छर्र्यांना बाबाच दाबून बिघडवत होते आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

बॅगेत एक सीलबंद डबी होती. ती फोडली आणि न तोलता, न बघता त्यातलेच वापरले. त्या दिवशी कित्येक महिन्यांत झाला नव्हता असा स्कोअर झाला.

घरी गेले तर बाबा दारातच उभे. "किती?"

मी स्कोअर सांगितला. तो खराच होता.

"झकास!" ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "ऐकलंस का गं? निवडण्यात किती असतं बघ!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय, खरं की नाही?"

"हो ना," मी म्हटलं.

त्या दोन शब्दांपासून पुढचं सगळं सुरू झालं. त्यानंतर दर आठवड्याला मी रेंजवर जायचे, बाबांचा भरलेला ट्रे भंगार शिशाच्या पेटीत ओतायचे, डबीतल्या छर्र्यांनी सराव करायचे आणि रिकामा ट्रे घरी आणायचे. बाबा तो पुन्हा भरायचे. त्यांचं मन मोडायचं नव्हतं हे खरंच आहे. पण मला घरात ती कटकट, तो हिरमुसलेला चेहरा नको होता, हेही तितकंच खरं आहे. स्कोअर वाढत होता, मी खूश होते आणि विषय काढायला मला वेळच मिळत नव्हता.

मग बाबांनी खिडकीच्या ग्रिलचं खूळ काढलं. म्हणे ग्रिलचा मधला गज वाकलाय. सोसायटीच्या सेक्रेटरीला वर बोलावून दाखवलं. तो बिचारा पट्टी लावून बघून गेला, गज सरळच होता. मग बाबांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. बिल्डरने फसवलं, इमारत खचतेय, काय काय. मी पोट धरून हसले. आई हसली नाही. "अहो, चहा कपाबाहेर ओतता हल्ली. डोळे दाखवून या," ती म्हणाली.

"माझे डोळे?" बाबांनी पोह्यांची ताटली बाजूला सरकवली. "अगं, डोळे गेले असते तर हिचा स्कोअर वाढला असता का? विचार तिला!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते. ते वेचतच राहिले. आईचं तोंड बंद झालं, कारण तिच्यापुढे पुरावा होता आणि तो मी पुरवला होता. तो विषय पुढे कितीतरी महिने आमच्या घरात निघाला नाही.

शेवटी बाबांना टीव्हीवरच्या माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, तेव्हा मी रजा टाकून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात गळती झालीय म्हणाल्या. इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं बहुतेक टिकेल, गेलेलं परत येणं अवघड. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. "सरळ रेघा वाकड्या दिसत होत्या का? कधीपासून?"

"ते बांधकामाचं आहे," बाबा म्हणाले. "मी बारीक काम करतो हो, डॉक्टर. हिचे छर्रे मीच निवडतो. स्कोअर बघा तिचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत बसले.

येताना रिक्षा भांडुपला अडकली. मी म्हटलं, "बाबा, तुमचे छर्रे मी वापरत नाही. खूप महिने झाले. ते चेपलेले असायचे. मी डबीतले वापरते."

भाजी जाड चिरली तरी आवाज चढवणारा माणूस, मी वाट बघत होते. ओरडले असते तर मला हवंच होतं.

"न निवडता?"

"हो."

"वजनसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि वाढला तो स्कोअर?"

"त्याच छर्र्यांचा."

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. समोरचं माणूस त्यांना आता असंच दिसतं. ते चक्क हसत होते. "म्हणजे तो सगळा तुझाच की गं," ते म्हणाले. "मी उगाच त्यातला अर्धा माझा समजत होतो."

मग पुढे वाकून रिक्षावाल्याला त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की ही माझी मुलगी रायफल चालवते आणि फार चांगली चालवते, कुणाची मदत लागत नाही तिला. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघून हसला. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. बाबांनी मला छर्र्यांची माफी देऊन टाकली होती. डोळ्यांचा त्याच्याशी काय संबंध, हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं, आणि ते समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.