नवमीची सवाष्ण

पाटावर बसण्याआधी गोदूमावशी एक प्रश्न विचारायच्या : "तिला काय आवडायचं?" 'ती' म्हणजे त्या घरातली गेलेली बाई. उत्तर मिळेपर्यंत मावशी पदर खोचून उभ्याच.

जरा नीट क्रमाने सांगते. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास नौपाड्यातल्या आमच्या आळीत अशी नवमी करणारी घरं बरीच होती, आणि बहुतेक घरांत कारण एकच, बाळंतपण. सवाष्णी मात्र मिळत नसत. पोटुशी बाई त्या पानावर बसायला घाबरायची, ओली बाळंतीण येणं शक्यच नव्हतं, आणि नव्या सुनांच्या सासवा "आज तिला बरं नाही" म्हणून मोकळ्या व्हायच्या. उरल्या गोदूमावशी. आमच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या, शिवणकामावर पोट भरायच्या. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याने सोलापुरात दुसरा संसार थाटला होता. "आहे तिकडे सुखरूप," त्या म्हणायच्या. "मला त्याचा उपयोग पितृपक्षात तेवढा होतो."

खरं तर एका दिवशी एकाच घरी जेवायचं. मावशी आळीभर थोडं थोडं जेवत फिरायच्या. माझी आत्या टोमणा मारायची, "गोदे, आमचं कितवं पान?"

"पोट एकच आहे हो आक्का. पण बायका गेल्या किती!"

माझी आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिचे पाय सुजले होते, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. नववा महिना आहे, हे व्हायचंच, असं सगळे म्हणाले. आईसुद्धा तेच म्हणाली. मग आकडी आली. डॉक्टर येऊन पोचेपर्यंत ती आणि बाळ दोघंही गेली होती. "बाळंतपणात गेली," एवढं म्हणून लोक विषय मिटवायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुन्हा लग्न केलं नाही आणि तिचं नावही काढलं नाही. साड्या वाटल्या गेल्या. आत्याने घर हातात घेतलं आणि ते शिस्तीत चालवलं. आईची तसबीर नव्हती. तिचा चेहरा माझ्यापासून निसटत चालला होता, आणि विचारू कोणाला?

पहिल्या नवमीला मावशींनी नेहमीचा प्रश्न टाकला. आत्या म्हणाली, "आवळ्याचं लोणचं मागायची."

"कधी?"

"दिवस राहिले की."

"ते डोहाळे झाले, आक्का. ते पोराचे. तिला स्वतःला काय आवडायचं?"

"आमच्या घरात आवडीनिवडी नव्हत्या."

मावशी हसल्या. "आळीभर हेच. सगळ्यांना डोहाळे पाठ आहेत. बाई एरवी काय खात होती ते कोणाला ठाऊक नाही."

मी दाराआडून म्हटलं, "ओलं खोबरं. खवताना तोंडात टाकायची. मलाही द्यायची."

"चोरून?" आत्याने विचारलं.

"चोरून कशाला? आवडीने!" असं म्हणून मावशींनी पानात खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला, आणि सगळ्यांत आधी तोच खाल्ला.

पुढे दर नवमीला त्या आत्याला वगळून मलाच विचारू लागल्या. मी वर्षभर आठवणी शोधायची. आई शिवताना दोरा दाताने तोडायची, मांजराला 'अहो' म्हणायची, असं काहीबाही. मावशी जेवता जेवता सगळं ऐकायच्या, मध्येच म्हणायच्या, "मग? मांजर काय करायचं?" वर्षातून तेवढा एक दिवस आमच्या घरात आई असायची.

मी पंधरा वर्षांची असताना सोलापूरहून मावशींचा नवरा वारल्याचं कार्ड आलं. मावशींनी कुंकू पुसलं. "उपयोगाचा होता, तोही गेला," म्हणाल्या. भाचा त्यांना कल्याणला घेऊन गेला. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी मेले की तुम्हांला सवाष्णीसाठी धावपळ नको. माझ्यासारखीला नवमी नसते."

त्या वर्षी आत्याने टेंभी नाक्यापर्यंत निरोप पाठवले. एकही सवाष्ण आली नाही. पाट मांडला, रांगोळी काढली, पान वाढलं, आणि पुढे कोणी नाही. तेवढ्यात मागच्या दाराने मावशी आल्या. कल्याणहून एकट्याच.

"गोदे, आता तुला कसं गं बसवू?" आत्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ वाटला.

"जेवायला आले नाही, आक्का. ही पोर एकटी पडेल म्हणून आले." त्या पाटापासून लांब, उंबऱ्याशी टेकल्या. "बोल कमळे."

मी म्हटलं, "मावशी, आता काहीच आठवत नाही."

पानावरची वाफ विरत गेली. मग बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "भात निवतोय. निवलेला भात तिला चालायचा नाही."

मावशींनी बाहेरच्या खोलीकडे मान वळवली.

"मग अण्णा, तुम्हीच बसा," मावशी म्हणाल्या.

"अगं, बायकोच्या पानावर नवरा?" आत्या पुटपुटली.

"तूप वाढा, आक्का."

अण्णा आले, बसले. पहिला घास हातातच राहिला. "थंडीत ती चुलीपुढेच जेवायची," ते खाली बघून म्हणाले. "ताट मांडीवर. मी हसलो की म्हणायची, तुम्ही गरम जेवता, मग मीच का थांबायचं?" आत्याने डोळ्यांना पदर लावला. अण्णा थांबले नाहीत.

मावशी हळूच उठल्या आणि मागच्या दाराने निघाल्या. मी त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले. "निदान दोन घास खाऊन जा."

त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं. "आत जा. बोलतायत तोवर ऐकून घे."

मी धावत घरात आले. अण्णा अजून बोलत होते.