साळुंके मॅडम आणि जांभळी कड

उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला साळुंके मॅडम "का उशीर झाला?" असं कधीच विचारत नसत. "कुठं अडलास?" एवढंच विचारत. तेर गावाहून येणारी एसटी बंद पडली असेल तर नेमकी कुठे, पुढे कसा आलास, हे मन लावून ऐकत.

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवत. मूळच्या मुरूम गावच्या. तेरणा नदीकाठच्या मातीत त्यांना जांभळा रंग तयार करणारा एक जीवाणू सापडला होता. तो रंग टप्प्याटप्प्याने बनतो. प्रत्येक टप्प्याला वेगळं एन्झाइम लागतं. त्यांचा क्रम शोधण्यासाठी मॅडमनी एकेक एन्झाइम बिघडलेले पांढरे वाण वेगळे केले होते. असे दोन वाण एकाच काचेच्या प्लेटमध्ये शेजारी वाढवले, की नंतरच्या टप्प्यावर अडलेल्याकडे साचलेला पदार्थ बाहेर झिरपतो. आधीच्या टप्प्यावर अडलेला वाण तो घेऊन रंग पूर्ण करतो आणि त्याची कड जांभळी होते. "कोण देतंय, कोण घेतंय, तेवढं बघ. बाकी समदं पुस्तकात हाय," मॅडम म्हणायच्या.

या क्रमावरच त्यांना पीएच.डी. मिळाली होती. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तोच प्रयोग केला, तर भलत्याच वाणाची कड जांभळी झाली. माझ्याच हातून काही चुकलं असणार, असं मी म्हणाले. मॅडम बराच वेळ प्लेट उजेडात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी जुने वाण काढून शुद्ध केले आणि सगळा प्रयोग स्वतः पुन्हा लावला. त्यांच्या जुन्या नळीत दोन वाणांची भेसळ झाली होती. त्यामुळे क्रमातले दोन टप्पे उलटे लागले होते.

तेव्हा त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती. ती होईपर्यंत गप्प राहा, असं विभागप्रमुखांनी आपुलकीनेच सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. आणि पुढच्याच चर्चासत्रात, भरल्या सभागृहात, फळ्यावर आपला क्रम लिहून त्यातली दोन नावं पुसली व अदलाबदल करून लिहिली. "माझं चुकलं होतं. हिनं दाखवलं," असं म्हणत त्यांनी मला पुढे बोलावलं आणि खडू माझ्या हातात दिला.

ते पद दुसऱ्याला मिळालं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी धीर करून विचारलं, की तेव्हा थोडं थांबायला हवं होतं असं कधी वाटलं का.

"पदाचं कुठं डोक्यात होतं गं," त्या म्हणाल्या. "इतक्या पोरांना चुकीचं शिकवून बसले होते. त्यांना कसं गाठायचं, त्याचाच घोर होता."

गाठलं मात्र त्यांनी. नंबर शोधून, जुन्या विद्यार्थ्यांना एकेक फोन करून त्यांनी नवा क्रम सांगितला. त्यातला एकजण तुळजापुरात लॉज चालवतो. ऐन नवरात्राच्या गर्दीत, भाविकांना जरा थांबवून, त्यानेही तो क्रम नीट उतरवून घेतला.