आडनाव पुकारलं तरी बसून राहणारे काका

माझे काका चष्मे दुरुस्त करतात, आणि गेल्या वर्षी त्यांना स्वतःलाच दिसेनासं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दांडीचा बारीक स्क्रू काकांच्या बोटांना कळायचा, डोळ्यांना दिसायचा नाही. दुकान बंद करायची पाळी येते की काय, ही एकच धास्ती त्या घरात होती. बाकी काका मजेत होते. ते नेहमीच मजेत असतात. काकूचा त्यांच्यावर हाच मुख्य आरोप आहे.

गल्लीतली जुनी माणसं त्यांना भिंग म्हणतात. याला कारण आमचं आडनाव. काकांच्या लहानपणी अख्ख्या गल्लीचं आडनाव एकच होतं. सुतार तेच, शिंपी तेच, शाळेचे मास्तरही तेच. त्यामुळे ते असून नसल्यासारखं. लांबू, बोका, पेटी, भिंग अशा नावांवर संसार चालायचे. पाहुण्यानं आडनाव सांगून पत्ता विचारला, तर लोक उलट विचारायचे, "कुठल्या दारचे?" शाळेत मास्तरांनी नुसतं आडनाव पुकारलं की कुणीच उठायचं नाही, कारण उठणारा हमखास दुसऱ्याच्या वाट्याचा मार खायचा. काका तेव्हाच शहाणे झाले. आडनावाला ओ द्यायची नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं ते भिनलंच.

मग गल्ली हळूहळू बदलत गेली. लांबूची मुलं परदेशी गेली ती तिकडचीच झाली. बोक्याला सगळ्या मुली. पेटीनं लग्नच केलं नाही. मीही लग्नात माझं आडनाव माहेरी ठेवून आले. आता त्या आडनावाचं गल्लीत एकच दार उरलंय, काकांचं. नवे शेजारी त्यांना अदबीनं आडनावानं हाक मारतात, आणि काका मागे वळून बघतात, हा कुणाला बोलावतोय म्हणून.

डोळ्यांच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. त्यांनी तपासून होकार दिला तरच ऑपरेशन. काका-काकू सकाळीच जाऊन बसले. काकू पाणी आणायला उठली आणि नेमकं तेव्हाच सिस्टरनं पुकारलं, नुसतं आडनाव. इतक्या वेगळ्या आडनावाची दोन माणसं कशाला येतील, असा तिचा समज. काका ढिम्म. तिनं पुन्हा पुकारलं. काकांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं, "उठा की राव, तुम्हाला बोलावतायत बहुतेक."

पाळी गेली. डॉक्टरही गेले.

"अहो, तुमचंच आडनाव होतं ना ते!" काकू कडाडली.

"मला वाटलं, दुसरं कुणीतरी असेल."

"दुसरं कुणी उरलंय का आता?"

यावर काका घरी येईपर्यंत गल्लीतली जुनी नावं बोटांवर मोजत राहिले. काकूनं हे सांगितलं तेव्हा मला काळजीच वाटली.

पुढच्या महिन्यात काकूनं मलाही बरोबर घेतलं. मी काकांचा दंड धरूनच बसले. आडनाव ऐकल्याबरोबर त्यांना उठवलं, तर समोरच्या बाकावरून बसचालकाच्या गणवेशातली एक मुलगीही उठली. डोळ्यात खडी उडालेली, त्यावर रुमाल दाबलेला.

"तुमचंपण हेच आडनाव?" काकांनी विचारलं. "कुठल्या दारच्या तुम्ही?"

तिला काही कळेना. "दार कसलं? आमच्या घराबाहेर हे आडनाव मी कधी ऐकलंच नाही. डेपोत सगळे हसतात, कुठून शोधून आणलंस म्हणून."

काकांना इतकं हसू आलं की त्यांना परत खाली बसावं लागलं. "अगं, आमच्या गल्लीत दगड भिरकावला ना, तर याच आडनावाच्या डोक्यात बसायचा! जा, तू जा आधी. दुखत असेल."

काकूनं कपाळाला हात लावला. मुलगी आत गेली. मग सिस्टरनं दुसरंच नाव पुकारलं, मग तिसरं. काकू धावत तिच्याकडे गेली.

"ते तर झालं," सिस्टर म्हणाली. "चुकून दोनदा लिहिलं होतं, एक खोडलं मी. आणि डॉक्टर आता निघतील."

काकू रडकुंडीला आली. मी तोंड उघडणार, एवढ्यात काका स्वतःच उठले. भिंतीला हात लावत टेबलापर्यंत गेले आणि खणखणीत आवाजात आपलं आडनाव म्हणाले. "चुकून नाही, सिस्टर. आम्ही दोघं आहोत."

"ती तुमची कोण?"

"पुतणी," काका म्हणाले.

सख्खी पुतणी मी शेजारीच उभी होते. पण मला राग आला नाही, उलट भरून आलं. डोळ्यावर पट्टी लावून ती मुलगी नुकतीच बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं काकांचा हात धरला आणि त्यांना डॉक्टरांच्या दारापर्यंत नेलं. सिस्टरनंही अडवलं नाही.

काका बाहेर आले तेव्हा ती मुलगी दाराशीच थांबली होती, आणि काकूचा जीव टांगणीला लागला होता. "काय म्हणाले डॉक्टर?"

"पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. दिसेल म्हणाले चांगलं," काकांनी घाईघाईनं उरकलं. "ते होईल गं. ह्या पट्टीवाल्या पोरीच्या आजोबांना लोक काय नावानं हाक मारायचे, ते विचार आधी."