दुसरा खेळाडू

मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, झेडपीच्या शाळेत शिकवते आणि कॉम्प्युटरवर गेम खेळते. यातली शेवटची गोष्ट जव्हारमध्ये कोणाला माहीत नाही. लोक काय म्हणतील याची मला काडीची पर्वा नाही, पण मग येता-जाता प्रत्येकाला उत्तरं देत बसावं लागेल आणि तेवढा धीर माझ्यात नाही.

खेळते ती भावाबरोबर. माझ्यापेक्षा बराच धाकटा आहे, बेंगळुरूला नोकरी करतो. आई-वडील दोघंही गेले. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, पण हे सांगायला लागलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कसनुसा होतो, म्हणून मी सांगत नाही. तेव्हा आपलं म्हणावं असं माणूस तो एकच. आणि गंमत अशी की आम्हाला फोनवर बोलताच येत नाही. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "हो. पाऊस आहे?" "आहे." संपलं.

पण रविवारी दुपारी जेवणं उरकली की दोघं हेडफोन लावून एकाच गेममध्ये शिरायचो. तो झाडं तोडायचा, मी घराच्या भिंती रचायची. हात कामात असले की बोलणं आपोआप यायचं. स्वतःचं लग्न ठरतंय हे त्यानं मला लाकडं वाहतानाच सांगितलं. आई गेली तेव्हा तो घरी आला, सगळं केलं, पण रडला नाही. रडला तो दोन महिन्यांनी, गेममधल्या तळ्याकाठी मासे पकडताना. मी माझाही गळ टाकून त्याच्या शेजारी उभी राहिले. खरं सांगायचं तर आठवडाभर मी त्या एका दुपारवर जगायचे. शाळा, एसटी, मुख्याध्यापकांची कटकट, खोलीवर आल्यावरचा वरण-भात, हे सगळं रविवार येईपर्यंत काढायचं असायचं.

मग यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तो म्हणाला, "ताई, नवा गेम आलाय. हा दोघांचाच आहे, तिसऱ्याला जागाच नाही. आपल्यासाठीच केल्यासारखा." मी त्याच रात्री तो डाउनलोडला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर सुरू केला, तर माझा माणूस पाऊल उचलायचा आणि ते पाऊल खाली टेकेपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. मग पडदा काळा झाला आणि सगळंच बंद पडलं.

दोष गेमचा नव्हता. भाऊ इंजिनीयरिंगला गेला तेव्हा वडिलांनी नाशिकहून आणलेला तो कॉम्प्युटर, दुकानातला सगळ्यात स्वस्त. पुढे नोकरी लागल्यावर त्यानं लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्याकडे आला. "नवीन घे ना ताई," तो म्हणाला. मला रागच आला. वडिलांनी आणलेली वस्तू चालू असताना नवीन कशाला? त्यानं हसून हात टेकले आणि जुन्यातच काय काय बदलायचं ते सांगितलं: रॅम वाढवायची, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची, ग्राफिक्स कार्ड लावायचं, आणि ते कार्ड वीज जास्त खातं म्हणून आतला पॉवर सप्लायही बदलायचा. मी म्हटलं, करू.

जव्हारमध्ये हे काम करणारा एकच माणूस मला माहीत आहे. प्रिंटर आणि सीसीटीव्ही हा त्याचा धंदा, कॉम्प्युटर तो अधूनमधून उघडतो. त्याला सांगितलं तर त्यानं मला वरून खालून पाहिलं.

"एवढं मोठं कार्ड कशाला मॅडम? भाचा-बिचा येणार का राहायला?"

"शाळेचं काम आहे."

"शाळेला ग्राफिक्स कार्ड?"

"ऑनलाइन माहिती भरायची असते."

शाळेला काय काय ऑनलाइन भरावं लागतं हे आमच्या तालुक्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे, त्यामुळे माझं खोटं पचून गेलं. वस्तू मागवा, आल्या की लावून देतो, तो म्हणाला.

वस्तू आल्या आणि त्याच्या दुकानाला कुलूप. तो जवळच्या साखरशेत गावचा. घरची भातशेती आहे, आवणी सुरू झाली होती. आवणीत, म्हणजे भाताची लावणी चालू असताना, आमच्याकडे माणूस मिळत नाही, मग तो गवंडी असो की कॉम्प्युटरवाला. माझ्या वर्गातली पोरंही त्या दिवसांत निम्मी असतात, त्यांना काय बोलणार? सगळेच चिखलात. मी फोन केला तर मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "मॅडम, चार वावरं राहिली. उरकली की येतोच."

जुना गेम आता बंद, नव्यातच भेटायचं असं आमचं ठरलं होतं. भावाला म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. तो म्हणाला, "चालेल गं, घाई नाही." घाई मला होती.

आता प्रश्न आला की तोवर त्या वस्तू ठेवायच्या कुठे. जव्हारचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. धुकं सरळ घरात येऊन बसतं. कपाटातल्या साड्यांना वास, चपलांना बुरशी, मिठाचं पाणी. एवढं महागाचं कार्ड त्या हवेत नुसतं ठेवायला माझा जीव धजेना. त्याच्या पिशवीत राहू द्यावं तर प्लास्टिकला आतून घाम सुटतो, हे मी दर पावसाळ्यात बघते.

तेव्हा मला आमची खिचडीवाली मावशी आठवली. माझी शाळा पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर आहे, तिथं ती पोरांचा भात शिजवते. मागच्या वर्षी माझा मोबाइल ओहोळात पडला तेव्हा तिनं तो नागलीत, म्हणजे नाचणीत, पुरला होता आणि तो चालू झाला होता. "तांदूळ ओल धरतो बाई," ती म्हणाली होती. "नागलीला काय नाय होत. वर्सानुवर्सं राहते." म्हटलं, झालं तर मग. मी रॅम आणि एसएसडी गादीखाली ठेवली, पण कार्ड मात्र पिशवीतून काढलं आणि नागलीच्या पत्र्याच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं. वर झाकण घट्ट लावलं. स्वतःवर खूश होऊन झोपलेसुद्धा.

आवणी आटोपून कॉम्प्युटरवाला आला. सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि आतून असा आवाज यायला लागला की कोणी जात्यात खडे भरडतंय. त्यानं झटकन प्लग ओढला. कार्ड काढून हलवलं तर माझ्या फरशीवर नागलीचे दाणे सांडले. मोहरीएवढे दाणे ते, पंख्याच्या पात्यांत, पत्र्याच्या फटींत, कुठे कुठे जाऊन बसले होते. त्यानं दाणा चिमटीत धरला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाण्याकडे बघितलं.

"मॅडम, हे काय पेरलंय?"

मला हसूही येईना. मोबाइल बंद डबी असते आणि कार्डाला पंखे असतात, एवढं साधं मला कळू नये. तो कार्ड घेऊन गेला, पंखे उघडून, ब्रश मारून साफ करून आणतो म्हणाला. मग त्याच्या मागे सीसीटीव्हीची कामं लागली. आणखी रविवार गेले. त्या रविवारांना दुपारी काय करायचं तेच मला कळेना. एकदा तर घरातली सगळी भांडी काढून घासली, स्वच्छ होती तरी. भावाला मी फोन केला की तो म्हणायचा, "झालं का ताई?" मी म्हणायची, "होतंय." पुन्हा तेच, जेवलास का, पाऊस आहे का.

शेवटी कार्ड बसलं. आवाज नाही, काही नाही. तो माणूस जाताच मी दार लावून घेतलं आणि गेम सुरू केला. काय सांगू तुम्हाला. दरी, तिच्यातून वर येणारं धुकं, दगडावरचं शेवाळ, सगळं असं लख्ख की आमच्या घाटातच उभी आहे असं वाटलं. पाऊल टाकलं की पाऊल पडत होतं. वडिलांच्या त्या स्वस्त डब्याचा मला इतका अभिमान वाटला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढे खेळले नाही. पहिला डोंगर दोघांनी चढायचा म्हणून राखून ठेवला. रविवारी भात लवकर टाकला, हेडफोन लावून बसले आणि भावाला फोन केला.

"चालू झाला रे. एकदम झकास. ये."

तो म्हणाला, "अगं ताई, सांगायचं राहूनच गेलं. तुझं लांबत होतं ना, म्हणून मी हिला बसवलं. ती आधी कंटाळायची, आता मलाच उठवून बसवते. निम्म्याच्या पुढे गेलोय आम्ही." मागून भावजयीचा आवाज आला, "ताईंना सांग, मला अजून नीट उडी मारता येत नाही." आणि दोघं हसले.

मला आनंद झाला असं मी म्हणाले, आणि थोडा झालाही. नवरा-बायकोनं रविवारी एकत्र बसून हसावं, याहून चांगलं काय? एवढं मला कळतं.

"तू खेळ ना ताई," तो म्हणाला. "एकट्यानं खेळायचंही आहे त्यात. तेही मस्त आहे."

"बघते," मी म्हटलं. "जेवलात का तुम्ही?"

फोन ठेवला. एकटीचा गेम सुरू केला, कारण मशीन तयार होतं आणि दुपार अख्खी पडली होती. दोघांचाच खेळ तो, त्यामुळे दुसरा माणूस कॉम्प्युटरनं आपल्या मनानं दिला. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मी थांबले की थांबायचा, वळले की वळायचा. एक शब्द बोलत नव्हता. मला तो नको होता. मला माझा भाऊ हवा होता, आणि या वयात हे मी कोणाला जाऊन सांगू? डोळे भरून आल्यामुळे समोरचा डोंगर दिसेना. तो मात्र शेजारी उभाच होता, माझ्या पहिल्या पावलाची वाट बघत.

"चल बाबा," मी त्याला म्हटलं, आणि चढायला लागले.